तुरटीचं पाणी

"मॅडम, तुमचं चित्र सांडलंय," डॉ. शेंडगे फोनवर म्हणाले.

चित्र फाटतं, पडतं, चोरीला जातं. सांडलेलं चित्र मी जन्मात ऐकलं नव्हतं. शेंडगे सांगलीतले दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात, पेशंट आ वासून बसतो बरोबर त्याच्या समोर, उदयचं एक गुऱ्हाळ टांगलेलं होतं. म्हणजे माझ्या नवऱ्याने काढलेलं आणि मी छापलेलं. मी मिळेल ती बस पकडून गेले. फ्रेम जागेवर होती, काच स्वच्छ होती, काचेआड पांढरा पुठ्ठाही होता. चित्र नव्हतं. फ्रेमच्या तळाशी करडं पीठ साचलं होतं. उसाच्या रसाची उकळती काहील, तिच्यावरची वाफ, गुळव्याची घामेजलेली पाठ, सगळ्याचं मिळून मूठभर पीठ.

"दोनशे वर्षं टिकेल असं लिहून दिलं होतंत," डॉक्टर म्हणाले. चिडून नाही, दाढ काढावी लागेल असं सांगतात त्या सुरात.

"दिलं होतं. पण दोनशे वर्षांनी तक्रार करायला तुम्ही येणार होतात का?"

असं बोलायला नको होतं. माझी जीभ मुळात तिखट, घाबरले की अगदीच सुटते. आणि मी घाबरले होते. आधीच्या आठवड्यात पुण्याहून आणि बेळगावहून असेच फोन आले होते. डॉक्टरांच्या भिंतीवरच्या त्या गुऱ्हाळाची आता जगात एकच प्रत उरली होती, आणि ती आमच्या घरी, खणात होती.

मी उज्ज्वला इंगवले. कोल्हापुरात आमचा मुद्राचित्रांचा छापखाना आहे. "लग्नपत्रिका करता का?" असं विचारत लोक अजून येतात. आम्ही पत्रिका करत नाही. उदय जस्ताच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरायचा आणि पत्रा आम्लात टाकून त्या रेघा खोल करायचा. मी त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओल्या कागदावर प्रेसखालून ठसा घ्यायची. असे ठरावीक ठसे, तेवढ्याच त्या चित्राच्या प्रती. खाली पेन्सिलीने सही उदयची. मुंबईच्या कला महाविद्यालयात तो माझ्या एक वर्ष मागे होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते हे सासूबाईंना शेवटपर्यंत पचलं नाही. सही एकट्याची असते याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. पण भांडण करण्याइतकं कधी वाटलं नाही, कारण त्याचा हात काय होता ते मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

आमच्या छापखान्याची एक रीत होती. शाई माझी, चाक माझं, पण प्रेसवरचा कागद उचलायचा तो उदयने "हं" म्हटल्यावर. तो कोपऱ्यावर चहाला गेला असला तरी मी कागदापाशी उभी राहायची. त्याने यायचं, वाकून बघायचं, "हं" म्हणायचं, मग माझे हात हलायचे. इतक्या वर्षांत त्या "हं"शिवाय मी एक कागद जागचा हलवला नाही.

दुसरी रीत या धंद्यातल्या सगळ्यांचीच. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की पत्र्यावर आडवा घाव घालायचा, म्हणजे मागाहून कोणी चोरून आणखी छापणार नाही आणि विकत घेणारा फसणार नाही. उदय त्याच्याही पुढे जायचा. जस्त महाग, म्हणून घाव घातलेला पत्रा घासून गुळगुळीत करायचा आणि त्याच्यावरच पुढचं गुऱ्हाळ कोरायचा. आमच्या भागातली गुऱ्हाळं एकामागून एक बंद पडत होती. हा माणूस सायकलवरून त्यांच्या मागे मागे फिरत त्यांची चित्रं काढत होता. आता ती गुऱ्हाळं नाहीत, ते पत्रे नाहीत, आणि उदयचा उजवा हातही नाही. पक्षाघाताने ती सगळी बाजूच नेली. जीभ थोडी थोडी परत आली. हात काही आला नाही.

"मोबाईलमध्ये फोटो असतील की," असं मला निदान पन्नास जणांनी ऐकवलं. आहेत ना, ढिगाने आहेत. पण पडद्यावरच्या चित्राला आज कोण विचारतो? "कोल्हापूरचं जुनं गुऱ्हाळ, कोरीव छापासारखं" असं यंत्राला सांगितलं की चहा गाळेपर्यंत शंभर चित्रं हजर होतात, वर सहीसकट. हे माणसाच्या हाताने केलंय याची खूण एकच उरली आहे. कागदात दबलेली पत्र्याची कड आणि बोटाला लागणारी शाईची उंच रेघ. उदय इंगवले नावाच्या माणसाने जन्मभर काय केलं, ते सगळं आमच्या घरातल्या एका खणात होतं. तो खण गेला की उदय जिवंतपणी पुसला जाणार होता.

आता थोडं कागदाविषयी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. झाडाला ताठ उभं ठेवणारं लिग्निन त्यात राहतं आणि उन्हात ते पिवळं पडतं. पूर्वी कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यात तुरटी घालत. तुरटीतलं आम्ल हळूहळू तंतू तोडतं, म्हणून जुना कागद घडीवर मोडतो. आमचा कागद कापसाचा, होजिअरीच्या कातरणांपासून केलेला. जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्यात लिग्निन नाही, आम्ल नाही, उलट हवेतलं आम्ल शोषून घ्यायला खडूची पूड मुरवलेली. भोवती तसाच पुठ्ठा आणि वर अतिनील किरण अडवणारी महागडी काच. एवढं केलं की दोनशे वर्षं टिकतं. ही थाप नव्हती. ऊन, आम्ल, दमट हवा या सगळ्यांचा आम्ही बंदोबस्त केला होता. कागद कोणी खाईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

आणि खाणारी गेली आमच्याच घरातून. आमची सावनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांवर काम करते. फेकलेल्या कपड्यांचे डोंगर शहराशहरांबाहेर वाढत चालले होते, ते पचवणारी बुरशी तिच्या गटाने घडवली. ही बुरशी विकरं सोडून सेल्युलोजची साखर करते आणि ती साखर खाते. कपड्यांत साबणाचा सोडा मुरलेला असतो, म्हणून तिला क्षार मानवेल अशी तजवीज केली होती. ऊन लागलं किंवा आंबट लागलं की ती मरते, तेव्हा ढिगाबाहेर जगणारच नाही असं सगळ्यांचं म्हणणं होतं. लोकांनी तिचं नाव चिंधीखाऊ ठेवलं. डोंगर खरोखरच विरघळले. त्या दिवशी उदयने गल्लीत पेढे वाटले होते.

पण ती ढिगाबाहेर निघालीच आणि हवेतून गावोगाव पसरली. अंगावरच्या कपड्यांना तिने काही केलं नाही, कारण ते धुतले जातात, उन्हात वाळतात. पुस्तकं बहुतेक लाकडाच्या कागदाची, लिग्निनपुढे तिचं चालत नाही. पण आमची चित्रं? निव्वळ कापूस, भरपूर खडू, ऊन अडवणारी काच, आतली कोंडलेली हवा. मुद्दाम सांगून केलं असतं तरी तिच्यासाठी इतकं सोयीचं घर बांधता आलं नसतं. ज्याने चित्र जिवापाड जपलं त्याचं आधी गेलं. समोरच्या मिसळवाल्याच्या भिंतीवरचं तेलकट कॅलेंडर मात्र ठणठणीत होतं, त्याच्याकडे बघून मला रोज संताप यायचा.

"आई, मी आलो," म्हणत सावनी दारात उभी राहिली. मी नाशिकची, मला काही ते जमलं नाही, पण ही पुण्यात इतकी वर्षं राहूनही कोल्हापूरच्या मुलींसारखी आलो-गेलोच म्हणते. हातात तुरटीचं पोतं होतं. पायसुद्धा न धुता ती बापाच्या खाटेपाशी जाऊन बसली.

"बाबा, एकच उपाय आहे बघा. तुरटीच्या दाट पाण्यात चित्रं बुडवायची. खडू सगळा फसफसून जाईल, कागद आंबट होईल. तंतूंच्या आत बीज असलं तरी मरेल, आणि परत लागणार नाही. मी स्वतः करून बघितलंय."

"आणि कागद?" उदयने विचारलं. त्याच्या तोंडून शब्द एकेक सुटा यायचा.

"कागद वर्तमानपत्रासारखा होईल. पिवळा पडेल, मोडायला लागेल."

"किती वर्षं?"

"तीस. नीट ठेवला तर थोडी जास्त."

"तीस." त्याने छताकडे बघितलं. "माझ्या... सायकलचं सीट... त्याच्यापेक्षा जास्त टिकलंय."

"थंडीत ठेवून नाही का चालणार?" मी मध्ये पडले. "डीप फ्रीझर आणू की."

"थंडीत ती झोपते आई, मरत नाही. बाहेर काढलं की कागदावर दव धरतं आणि ती दुप्पट जोरात उठते. मग कायमच आत ठेवायला लागतील."

"माझी चित्रं... काय कुल्फी आहेत?" उदय म्हणाला.

मला हसू आलं. सावनीलाही आलं. क्षणभर वाटलं, आता ऐकेल. पण त्याने मान फिरवली.

"जन्मभर... आम्ल शिवू दिलं नाही कागदाला. आता मीच पाजू? नको."

"बाबा, नाहीतर एक पावसाळा पण निघायचा नाही हो! ऐका की माझं."

तेव्हा तो ते बोलला. डोळे मिटून, सावकाश, सगळे शब्द नीट जुळवून. "रोग पण तूच आणायचा. औषध पण तूच."

सावनी उठली. तुरटीचं पोतं तिने छापखान्यात नेऊन ठेवलं आणि पाणीही न पिता परत गेली. मी उदयला तिथल्या तिथे झापायला हवं होतं. पण पक्षाघातानंतर त्याच्यावर आवाज चढवायचा धीरच मला होत नव्हता. मी त्याची चादर नीट केली आणि स्वयंपाकाला लागले.

मग सुरू झाली माझी आर्जवं. रोज सकाळी त्याची दाढी करताना मी विचारायची. गालावर साबण असला की त्याला मान फिरवता येत नसे, म्हणून ती वेळ बरी. "बुडवू का रे?" "नको." "अरे, तीस वर्षं म्हणजे काय कमी आहेत? आपण कुठे असणार आहोत?" "बघू." बघू म्हणजे नाही, हे त्याच्याशी लग्न केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारायची.

दाढी झाली की मी खण उघडायची. कागद पांढरेशुभ्र, कडा धारदार, रेघा काळ्याभोर. बघितलं की जीव भांड्यात पडायचा. वाटायचं, आपल्याकडे आली नाही ती, अजून वेळ आहे.

सावनी फोनवर रडकुंडीला यायची. "आई, विचारत काय बसलीयस? खण शेजारच्या खोलीत आहे, तुरटी तिथंच आहे. बुडव की."

"अगं, विचारून बघते. चित्रं त्याची आहेत."

"छापली कोणी?"

एकदा मी पाणी तापवून त्यात तुरटी विरघळवलीसुद्धा. पहिलं चित्र दोन्ही हातांवर घेऊन टबापाशी उभी राहिले. उभीच राहिले. हात खाली जाईनात. तो पलीकडच्या खोलीत जागा होता, त्याने "हं" म्हटलं नव्हतं, आणि माझे हात त्या आवाजाशिवाय हलायला कधी शिकलेच नव्हते. मी चित्र परत खणात ठेवलं आणि तुरटीचं पाणी मोरीत ओतून दिलं.

पुढे सावनीचे फोन बंद झाले. ती चिडली होती, की दमली होती, की आपल्या हातून सुटलेल्या बुरशीच्या मागे देशभर पळत होती, कोण जाणे. दाढीच्या वेळी एकदा उदयनेच विचारलं, "पोरगी... फोन करत नाही?"

"रोग म्हणालास तू तिला," मी म्हटलं. वस्तरा हातात होता म्हणून असेल, पण यावेळी आवाज चढला. "पेढे वाटले होतेस तिच्या नावाने आणि मग रोग म्हणालास. कशी करेल? तुझी चित्रं गेली तर तिला काय वाटेल, याचा विचार तरी केलास का? तू जाशील. मी जाईन. बापाचं सगळं आपण खाल्लं, हे घेऊन ती पोरगी एकटी राहील मागे!"

त्याचा चेहरा वाकडा झाला. पक्षाघातानंतर त्याला रडू चटकन येतं, पण हे तसलं नव्हतं. साबणावरून पाणी ओघळायला लागलं.

"बोलव तिला," तो म्हणाला. "बुडव म्हणावं." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे बघून, "हं."

सावनी पुढच्याच गाडीने आली. आम्ही कागद भिजवायचा मोठा टब मांडला, तुरटी विरघळवली. दोघींनाही आत कुठेतरी आनंद होता. मी पहिलं चित्र उचललं. कागल रस्त्यावरचं गुऱ्हाळ, मालिकेतलं सगळ्यांत जुनं. पाण्यावर ठेवून अलगद बुडवलं. लगेच बारीक बुडबुडे यायला लागले.

"खडू चाललाय, आई!" सावनी म्हणाली. "बघ, बघ, चाललाय!"

कापसाचा कागद भिजवणं मला नवं नाही. भिजल्यावर तो ओल्या धोतरासारखा चिवट होतो, पिळला तरी फाटत नाही. मी दोन्ही हात खाली घातले आणि वर उचलले. हात वर आले. कागद आला नाही. बोटं त्याच्यातून साईतून जावीत तशी निघून आली. वरती शाई तेवढी राहिली, जाळीसारखी, आणि तिच्यात काहिलीवर वाकलेला गुळव्या क्षणभर अख्खा पाण्यावर तरंगला. मग सुटा झाला.

"दुसरं दे," मी म्हटलं.

"आई, थांब. आधी कोपरा बघू दे." तिने पुढचं चित्र घेतलं आणि नखाने कोपरा खरवडला. वरची खळ, म्हणजे कागदाच्या अंगावर चढवलेला पातळ लेप, तो शाबूत होता. आत भुगा होता. तिने तिसरं बघितलं, चौथं बघितलं. खालपर्यंत सगळे कागद तसेच. मी रोज खण उघडून जे पांढरंशुभ्र बघत होते ते नुसतं कातडं होतं.

"मी मागे आलो तेव्हा बुडवली असती तर..." सावनी म्हणाली आणि तिने तोंड दाबून धरलं.

"कोरडी ठेवली तर?"

"पीठ होणार. काही दिवसांत."

"दुसरं दे."

"आई, नको."

"दे म्हणते ना! एखादं असेल. एखादं तरी असेल."

तिने दिलं. ते गेलं. तिसरं गेलं. मी खाली जाळी धरून बघितली, जाळीतून गेलं. कापड पसरून बघितलं, कापडावर काळा चिखल उरला. एकेका चित्राचा ठसा कधी घेतला, तेव्हा बाहेर ऊन होतं की पाऊस, ते मला आठवत होतं, आणि आठवत असतानाच ते चित्र माझ्या हातात लगदा होत होतं. शेवटचं कडेपर्यंत वर आलं. अख्खं आलं. सावनी किंचाळली, "धर, धर!" आणि ते मधोमध सुटून टबात पडलं. खण रिकामा झाला. सावनी जमिनीवर बसली. मी टबातले हात तसेच ठेवून उभी राहिले. माझ्या "विचारून बघते"ने हे केलं होतं. बुरशीने नाही, मी. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं आणि त्याचं आता काहीही करता येणार नव्हतं.

"उजू," पलीकडून हाक आली. "झालं का?"

मी गेले. तो उशीला टेकून, दाराकडे डोळे लावून बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले. समारंभाला बसल्यासारखा.

"झालं," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळी."

"सावनी?"

"आवरतेय."

"किती म्हणाली... वर्षं?"

"तीस."

त्याने डावा हात पुढे केला. मी माझा दिला. पुसायचा राहून गेला होता, ते तेव्हा लक्षात आलं. माझ्या बोटांच्या बेचक्यात लगद्याचा एक ओला गोळा अडकला होता, करडा, मध्ये काळा. उदयने तो काढून घेतला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळला, सावकाश, थांबून, पुन्हा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो कागद त्याने जन्मभर हाताळला होता.

त्याने मूठ मिटली. गोळा आतच ठेवला.

"तीस," तो म्हणाला. "लई झाली की. सांग पोरीला... बाबा म्हणाले, लई झाली."

"सांगते."

"आत पाठव तिला. रडत बसली असेल."

मी पदराला हात पुसले आणि सावनीला बोलवायला गेले.